बस जलद परिवहनातील सिग्नल प्राधान्य

बस जलद परिवहनातील सिग्नल प्राधान्य म्हणजे बसगाड्यांसाठी राखून ठेवलेल्या मार्गावरील चौकांत वाहतूक दिव्यांच्या वेळा अशा रीतीने आखणे किंवा प्रसंगानुरूप बदलणे, की बसला लाल दिव्यापाशी कमीत कमी काळ थांबावे लागेल. बस जलद परिवहन ही व्यवस्था 'बीआरटी' या संक्षिप्त नावाने अधिक परिचित आहे. स्वतंत्र मार्गिका, बसच्या पायरीशी समतल फलाट, बसमध्ये चढण्यापूर्वी तिकीट आणि चौकांची विशेष रचना ही तिची प्रमुख अंगे होत. यांपैकी मार्गिका डोळ्यांना दिसते, म्हणून तिची चर्चा अधिक होते. परंतु मार्गिका चौकापाशी येऊन खंडित होते आणि तेथे बसला इतर वाहनांबरोबर वेळ वाटून घ्यावा लागतो. ही वाटणी कशी केली जाते, यावर संपूर्ण मार्गाचा वेग मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

बसचा वेळ कोठे जातो

बसच्या एका फेरीचा वेळ तीन भागांत विभागता येतो : प्रत्यक्ष धावण्याचा वेळ, थांब्यावर प्रवासी चढण्या-उतरण्यास लागणारा वेळ आणि सिग्नलपाशी वाट पाहण्यात जाणारा वेळ. स्वतंत्र मार्गिकेमुळे पहिला भाग कमी होतो. समतल फलाट, रुंद दरवाजे आणि आगाऊ तिकीट यांमुळे दुसरा भाग कमी होतो. तिसऱ्या भागावर मात्र या उपायांचा काहीच परिणाम होत नाही. म्हणूनच नियोजनाच्या आरंभी प्रत्येक भागाचे मोजमाप स्वतंत्रपणे केले जाते.

सिग्नलपाशी जाणारा सरासरी वेळ साध्या गणिताने काढता येतो. बस चौकात कोणत्याही क्षणी येऊ शकते आणि तिच्या पुढे रांग नाही असे मानल्यास, सरासरी प्रतीक्षा ही लाल दिव्याच्या कालावधीच्या वर्गाला चक्राच्या दुप्पट कालावधीने भागल्यास मिळते. सर्व दिशांना एकेकदा वाट देऊन सिग्नल पुन्हा मूळ स्थितीस येण्यास लागणारा काळ म्हणजे चक्र. समजा, चक्र १२० सेकंदांचे असून त्यात बसला ४० सेकंद हिरवा व ८० सेकंद लाल दिवा मिळतो. तेव्हा सरासरी प्रतीक्षा सुमारे २६.७ सेकंद येते. मार्गावर असे २० चौक असतील, तर एका फेरीत सुमारे नऊ मिनिटे निव्वळ सिग्नलपाशी जातात. हिरव्या दिव्याचे प्रमाण तेच ठेवून चक्र ८० सेकंदांवर आणले, तर हीच प्रतीक्षा सुमारे १७.८ सेकंद होते आणि वीस चौकांत जवळपास तीन मिनिटे वाचतात. यासाठी कोणतेही नवे उपकरण लागत नाही.

निष्क्रिय प्राधान्य

बस आली आहे की नाही हे न पाहता, सिग्नलच्या कायमच्या वेळाच बसला अनुकूल अशा ठरविणे यास निष्क्रिय प्राधान्य म्हणतात. चक्र लहान करणे, बसच्या दिशेचा हिरवा दिवा वाढविणे, चक्रातील टप्पे कमी करणे आणि लागोपाठच्या चौकांतील दिवे बसच्या वेगाशी जुळविणे हे त्याचे प्रमुख प्रकार आहेत.

यांतील टप्पे कमी करण्याचा उपाय विशेष परिणामकारक असतो. भारतात वाहतूक डाव्या बाजूने चालते. त्यामुळे मार्गिका रस्त्याच्या मध्यभागी असेल, तर उजवीकडे वळणारी वाहने ती ओलांडून जातात. बस सरळ जात असताना या वळणास मुभा देता येत नाही, म्हणून त्यासाठी वेगळा टप्पा ठेवावा लागतो. प्रत्येक टप्प्याबरोबर पिवळ्या दिव्याचा व चौक मोकळा होण्याचा वेळ वाया जातो. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, चक्रातील वाया जाणाऱ्या वेळेची दीडपट करून त्यात ५ मिळवावेत आणि त्या बेरजेस, १ मधून चौकावरील वाहतुकीचा भार वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे. त्यावरून सर्वांत कमी विलंबाचे चक्र मिळते. येथे भार म्हणजे प्रत्येक टप्प्यातील सर्वाधिक प्रवाह व त्या रस्त्याची क्षमता यांच्या गुणोत्तरांची बेरीज.

उदाहरणार्थ, चार टप्प्यांच्या चौकात १६ सेकंद वाया जात असतील आणि भार ०.७ असेल, तर चक्र सुमारे ९७ सेकंदांचे येते. उजवी वळणे अन्यत्र वळवून टप्पे दोनच ठेवले, वाया जाणारा वेळ ८ सेकंद व भार ०.५५ झाला, तर सूत्राने चक्र अवघे ३८ सेकंदांचे निघते. पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्यास लागणारा वेळ धरता प्रत्यक्षात ते याहून मोठे ठेवावे लागते. तथापि, वळणांचा प्रश्न न सोडविता चक्र लहान करता येत नाही, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट होते. उजव्या वळणाऐवजी पुढे जाऊन उलट वळण घेणे किंवा चौक ओलांडून तीन वेळा डावीकडे वळत वळसा घालणे हे पर्याय वापरले जातात. त्यासाठी आजूबाजूचे रस्ते तो भार पेलू शकतील याची खात्री करावी लागते.

सक्रिय प्राधान्य

बस चौकाजवळ येत असल्याची सूचना मिळताच त्या वेळेपुरता सिग्नल बदलणे यास सक्रिय प्राधान्य म्हणतात. त्याचे नेहमीचे प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

• हिरव्या दिव्याची मुदतवाढ : बस चौकात पोहोचण्याच्या बेतात असताना दिवा लाल होणार असेल, तर तो काही सेकंद हिरवाच ठेवला जातो.

• लवकर हिरवा दिवा : बस लाल दिव्यापाशी उभी असेल, तर आडव्या रस्त्याचा हिरवा दिवा थोडा आधी संपवून बसला वाट दिली जाते.

• विशेष टप्पा : नेहमीच्या क्रमात नसलेला, फक्त बससाठीचा एक लहान टप्पा मध्ये घातला जातो.

• रांग ओलांडण्याची सोय : सलग मार्गिका नसेल तेथे चौकापूर्वी लहान बसमार्गिका ठेवून बसला इतर वाहनांच्या काही सेकंद आधी सोडले जाते.

पहिल्या दोन प्रकारांचे स्वरूप परस्परांहून भिन्न आहे. वरील १२० सेकंदांच्या चक्रात १० सेकंदांची मुदतवाढ दिली, तर तिचा लाभ बारांपैकी एकाच बसला मिळतो. मात्र त्या बसची सरासरी ७५ सेकंदांची प्रतीक्षा टळते. हिरवा दिवा १० सेकंद लवकर दिल्यास लाभ पुष्कळ बसगाड्यांना मिळतो, पण प्रत्येकीस तो फार तर १० सेकंदांचा असतो. दोन्ही उपाय एकत्र योजल्यास सरासरी प्रतीक्षा २६.७ सेकंदांवरून १५ सेकंदांवर येते.

प्राधान्य आणि पूर्वाधिकार यांत फरक आहे. अग्निशामक गाडी, रुग्णवाहिका किंवा आगगाडी यांच्यासाठी सिग्नलचा नेहमीचा क्रम तोडून तत्काळ वाट दिली जाते, तो पूर्वाधिकार होय. प्राधान्यात क्रम कायम राहतो. पादचाऱ्यांचा किमान वेळ व चौक मोकळा होण्याचा वेळ यांना धक्का लावला जात नाही.

बसची चाहूल

सक्रिय प्राधान्यासाठी बस कोठे आहे हे सिग्नलच्या नियंत्रकास कळावे लागते. जुन्या पद्धतीत रस्त्याखाली तारेची वेटोळी पुरली जातात व बसखाली बसविलेले उपकरण तीवरून जाताना संकेत देते. इतरत्र अवरक्त किरण वा रेडिओ यांचा वापर होतो. आता उपग्रहाधारित स्थाननिश्चिती अधिक प्रचलित आहे. तीत नकाशावर एक काल्पनिक बिंदू ठरविलेला असतो व बसने तो ओलांडताच सूचना जाते. लंडनमध्ये 'आयबस' या यंत्रणेद्वारे याच रीतीने बसची सूचना सिग्नलपर्यंत पोहोचविण्यात आली.

सूचना किती आधी द्यावी हा नाजूक प्रश्न असतो. फार आधी दिली तर बस येईपर्यंत मुदतवाढ संपून जाते आणि फार उशिरा दिली तर सिग्नलला बदलण्यास अवधी उरत नाही. चौकापूर्वी थांबा असेल तर ही अडचण वाढते, कारण बस थांब्यावर किती वेळ थांबेल याचा अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे सक्रिय प्राधान्य द्यावयाचे असल्यास थांबा चौक ओलांडल्यानंतर ठेवणे श्रेयस्कर मानले जाते. थांबा चौकाला अगदी चिकटूनही नसावा. तसे झाल्यास थांब्यावरील बसमागे उभ्या राहिलेल्या बसगाड्या चौकातच अडकतात. 'बीआरटी मानक' या आंतरराष्ट्रीय मूल्यांकन पद्धतीत स्थानक चौकापासून किमान २६ मीटर व शक्यतो ४० मीटर दूर असावे, असे सुचविले आहे.

प्राधान्य कोणाला व कधी

एका दिशेला दिलेला प्रत्येक सेकंद दुसऱ्या दिशेकडून घेतलेला असतो. त्यामुळे हिशेब वाहनांचा करावा की माणसांचा, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे. भारत सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ये-जा हा नियोजनाचा पाया मानला.

एक उदाहरण घेऊ. आडव्या रस्त्यावरून तासाला ६०० वाहने येतात व प्रत्येकात सरासरी दीड माणूस असतो असे धरल्यास, १२० सेकंदांच्या एका चक्रात २० वाहने, म्हणजे ३० माणसे येतात. बससाठी १० सेकंद घेतल्यामुळे या सर्वांना तेवढेच अधिक थांबावे लागले, तरी एकूण हानी ३०० माणूस-सेकंदांची होते. बसमध्ये ५० प्रवासी असतील, तर १० सेकंद लवकर मिळालेल्या हिरव्या दिव्याने ५०० माणूस-सेकंद वाचतात. मुदतवाढीमुळे ७५ सेकंदांची प्रतीक्षा टळली, तर बचत ३,७५० माणूस-सेकंदांची होते. परंतु बसमध्ये १५ च प्रवासी असतील, तर लवकर हिरव्या दिव्याचा लाभ १५० माणूस-सेकंद इतकाच भरतो व हानी त्याच्या दुप्पट होते. आडवा रस्ता आधीच क्षमतेच्या काठावर असेल, तर रांग पुढील चक्रापर्यंत रेंगाळते आणि हानी याहून वाढते.

या कारणास्तव अनेक ठिकाणी सशर्त प्राधान्य दिले जाते. वेळापत्रकाहून मागे पडलेल्या बसलाच वाट देणे ही त्याची सामान्य रीत आहे. जेथे बसगाड्या थोड्याथोड्या मिनिटांनी धावतात, तेथे पुढील बसपासूनचे अंतर वाढलेल्या गाडीस प्राधान्य मिळते. त्यामुळे दोन-तीन गाड्या एकामागोमाग येणे आणि नंतर बराच काळ एकही न येणे हा प्रकार आटोक्यात राहतो. प्रवाशाच्या दृष्टीने ही नियमितता वेगाइतकीच मोलाची असते.

बसगाड्या फार दाट धावत असतील, तर सक्रिय प्राधान्य निरर्थक ठरते. दोन्ही दिशांनी दर ३० सेकंदांस एक बस असेल, तर १२० सेकंदांच्या एका चक्रात आठ बसगाड्या येतात. प्रत्येकीने वाट मागितल्यास प्रत्येक चक्र बदलावे लागेल. अशा मार्गांवर लहान चक्र, मोजके टप्पे व वळणांवरील निर्बंध हेच उपाय उपयोगी पडतात. सक्रिय प्राधान्याचा खरा लाभ मध्यम वारंवारितेच्या मार्गांवर दिसून येतो.

पादचारी आणि सुरक्षितता

मध्यभागी असलेल्या स्थानकापर्यंत जाण्यासाठी प्रत्येक प्रवाशाला अर्धा रस्ता ओलांडावा लागतो. त्यामुळे बीआरटीचा प्रत्येक प्रवासी हा आधी पादचारी असतो. सेकंदाला १.२ मीटर या चालीने २४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास २० सेकंद लागतात. वृद्ध, लहान मुले व अपंग व्यक्ती यांना त्याहून अधिक अवधी हवा असतो. बसला वाट देण्यासाठी या वेळेत कपात करणे धोक्याचे असते. चक्र फार मोठे असल्यासही पादचारी कंटाळून लाल दिव्यातच रस्ता ओलांडू लागतात. म्हणजे लहान चक्र बसप्रवासी व पादचारी या दोघांच्याही हिताचे असते.

लॉस एंजेलिसमधील 'ऑरेंज लाइन' हा मार्ग २००५ मध्ये सुरू झाल्यावर चौकांत लाल दिवा ओलांडणाऱ्या मोटारींशी बसच्या टकरी झाल्या. परिणामी बसगाड्यांना चौकातून ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने जाण्याचे बंधन घालण्यात आले. स्वतंत्र मार्गामुळे मिळविलेला वेळ सुरक्षिततेच्या अभावी कसा गमवावा लागतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

जगातील काही अनुभव

ब्राझीलमधील कुरितिबा शहरात महापौर जैमे लेर्नर यांच्या काळात १९७४ मध्ये बसगाड्यांसाठी राखीव मार्ग सुरू झाले. या शहराकडे बीआरटीचे उगमस्थान म्हणून पाहिले जाते. कोलंबियाची राजधानी बोगोता येथे महापौर एनरिके पेन्यालोसा यांच्या कारकिर्दीत डिसेंबर २००० मध्ये 'ट्रान्समिलेनियो' सुरू झाली. तेथे बसगाड्यांची संख्या प्रचंड असल्याने सक्रिय प्राधान्यापेक्षा स्थानकांजवळ एकमेकींना ओलांडण्यासाठी दुहेरी मार्गिका व चौकांतील वळणबंदी यांवर भर देण्यात आला.

स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराचे उदाहरण निराळे आहे. तेथील मतदारांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वेचा प्रस्ताव नाकारला आणि १९७७ मध्ये रस्त्यावरील ट्राम व बस जलद करण्यासाठी २० कोटी फ्रँकच्या निधीस मान्यता दिली. सिग्नलवर सार्वजनिक वाहनांना प्राधान्य हा त्या कार्यक्रमाचा गाभा होता. लॉस एंजेलिसमध्ये जून २००० मध्ये सुरू झालेल्या 'मेट्रो रॅपिड' सेवेच्या बसगाड्या बहुतांश इतर वाहनांतूनच धावत. तरीही प्रवासाचा वेळ सुमारे एक चतुर्थांशाने घटला व त्या बचतीपैकी साधारण एक तृतीयांश वाटा सिग्नल प्राधान्याचा होता. उरलेला मुख्यत्वे थांब्यांची संख्या कमी केल्याचा परिणाम होता.

भारतातील अनुभव

पुणे हे बीआरटीचा प्रयोग करणारे भारतातील पहिले शहर होय. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर हा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. त्याला जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून साहाय्य मिळाले. मार्गिका ठिकठिकाणी खंडित होती, खाजगी वाहने तीत शिरत आणि स्थानकापर्यंत रस्ता ओलांडणे कठीण होते, अशी टीका त्यावर झाली. २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड येथील परिवहन उपक्रमांचे एकत्रीकरण होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजेच पीएमपीएमएल, अस्तित्वात आले. २०१५ मध्ये 'रेनबो' या नावाने संगमवाडी-विश्रांतवाडी व औंध-रावेत हे सुधारित मार्ग सुरू झाले. त्यांवर मध्यवर्ती बंदिस्त स्थानके व समतल फलाट यांची सोय होती. पुढे नगर रस्त्यावरही असा मार्ग झाला, मात्र त्याचा काही भाग नंतर काढून टाकण्यात आला.

अहमदाबादमध्ये ऑक्टोबर २००९ मध्ये 'जनमार्ग' सुरू झाला. बंदिस्त स्थानके आणि बसमध्ये चढण्यापूर्वी तिकीट ही त्याची वैशिष्ट्ये होती. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये खुला झाला. चौकांतील दीर्घ सिग्नल-चक्रे व खाजगी वाहनांच्या लांब रांगा हा तेथील टीकेचा मुख्य विषय ठरला. मार्गिका सर्व वाहनांना खुली करावी अशी मागणी करणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये फेटाळली. तरीही २०१६ मध्ये तो मार्ग काढून टाकण्यात आला. भोपाळमध्येही २०२४ मध्ये मार्गिका हटविण्यात आल्या. बीआरटीचे भवितव्य चौकातील वाहनचालकांच्या रोजच्या अनुभवावरही अवलंबून असते, हे या घटनांवरून दिसते. बससाठी राखलेली मार्गिका बराच वेळ रिकामी दिसते आणि शेजारची रांग हलत नाही, तेव्हा मोजलेली आकडेवारी लोकांना पटत नाही. वस्तुतः दर मिनिटाला ६० प्रवाशांची एक बस जाणाऱ्या मार्गिकेतून तासाला ३,६०० माणसे जातात. सरासरी दीड माणसाच्या मोटारींनी तेवढी माणसे नेण्यासाठी २,४०० मोटारी लागतील. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाभरात इतक्या मोटारी जाऊ शकत नाहीत.

नियोजनाचे टप्पे

१. सर्वेक्षण : प्रत्येक चौकातील वाहने, वळणे, पादचारी, बसमधील प्रवासी आणि बसचा विलंब यांची गर्दीच्या व इतर वेळी स्वतंत्र मोजणी करणे.

२. चौकांची रचना : वळणे, उलट वळणाच्या जागा, थांब्यांचे स्थान व पादचारी मार्ग निश्चित करणे.

३. स्थिर वेळा : टप्पे व चक्र कमी करून आधी निष्क्रिय प्राधान्याचा पूर्ण लाभ घेणे.

४. सक्रिय प्राधान्य : उरलेल्या विलंबावर ते कोठे उपयोगी पडेल हे ठरविणे. मुदतवाढीची कमाल मर्यादा आणि एकदा प्राधान्य दिल्यावर पुन्हा देण्यापूर्वी किती चक्रे जाऊ द्यावीत, हे नियम घालून देणे.

५. चाचणी : संगणकीय प्रतिरूपावर परिणाम तपासणे. भारतीय रस्त्यांवर दुचाकी व रिक्षा ओळीत न चालता मिळेल त्या जागेतून पुढे सरकतात, म्हणून परदेशी प्रतिरूपातील गृहीतके जशीच्या तशी वापरता येत नाहीत.

६. मूल्यमापन व देखभाल : मार्ग सुरू होण्यापूर्वीचे व नंतरचे वेळ मोजून वेळापत्रकात बदल करणे. बस लवकर पोहोचू लागल्यावर वेळापत्रक तेच राहिले, तर वाचलेला वेळ शेवटच्या थांब्यावर उभे राहण्यातच जातो.

संस्थात्मक समन्वय

भारतीय शहरांत रस्ता महानगरपालिकेचा, बस परिवहन उपक्रमाची आणि सिग्नलचे नियंत्रण वाहतूक पोलिसांकडे अशी सामान्यतः विभागणी असते. सिग्नल प्राधान्यासाठी तिघांचे एकमत आवश्यक असते. गर्दीच्या वेळी चौकातील पोलीस कर्मचारी हाताने सिग्नल चालवू लागले, तर सर्व आखणी निष्प्रभ होते. तीच गत बसवरील उपकरण बंद पडल्यास किंवा नव्याने आलेल्या बसगाड्यांत ते बसविलेच नसल्यास होते. त्यामुळे सिग्नलच्या वेळा कोण ठरवील, त्या बदलण्याचा अधिकार कोणास असेल व उपकरणांची देखभाल कोण करील, हे मार्ग सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरविणे हा नियोजनाचा आवश्यक भाग मानला जातो.

वेळेच्या बचतीचा लाभ परिवहन उपक्रमासही होतो. जाऊन-येऊन ९० मिनिटांच्या फेरीसाठी दर तीन मिनिटांनी बस सोडावयाची असल्यास ३० बसगाड्या लागतात. फेरी ८१ मिनिटांची झाली, तर तेवढीच सेवा २७ बसगाड्यांत देता येते. उरलेल्या तीन गाड्या व त्यांवरील चालक-वाहक दुसऱ्या मार्गावर वापरता येतात, अथवा त्याच मार्गावरील वारंवारिता वाढविता येते.